सीताफळाच्या यंत्राचं अपील

वडवणीच्या स्टँडसमोर माझी पाटी आहे: 'ओव्हाळ, पेटंट एजंट'. ती लावली त्या आठवड्यात पहिलं गिऱ्हाईक आलं ते विम्याचा हप्ता भरायला. दुसरा आला तो म्हणाला, शेजाऱ्यानं बांध कोरलाय, मोजणी आणून द्या. एजंट म्हटल्यावर लोकांना एवढंच ठाऊक. दोघांनाही चहा पाजून मी वाटेला लावलं.

तेव्हा आधी धंदा सांगतो. तुम्ही एखादं नवं यंत्र काढलं, तर सरकार म्हणतं, तुझी युक्ती काही हातचं न राखता लिहून दे; त्या बदल्यात वीस वर्षं तुझ्या परवानगीशिवाय ती दुसऱ्या कुणाला वापरू देणार नाही. हे लिहून देणारा मी. यंत्राभोवती फिरायचं, त्यात नवं नेमकं काय ते हुडकायचं आणि त्याला शब्दांचं कुंपण घालायचं. कुंपण जास्त मोठं घातलं तर दुसऱ्याचं जुनं काहीतरी आत येतं आणि अर्ज पडतो. लहान घातलं तर चोर कडेनं निघून जातो. आणि एक अट अशी आहे, की तिच्यात जवळजवळ सूट नाही. अर्ज टाकायच्या आधी ती युक्ती चारचौघांत उघडी पडता कामा नये. पडली की संपलं. मग ती गावाची झाली.

येणारी माणसं एकेक नमुनेदार. एक निवृत्त गुरुजी विजेशिवाय चालणारी मोटार घेऊन आले. चालली की! दहा मिनिटांनी थांबली तेव्हा आभाळाकडं बघून म्हणाले, "आज जरा ढगाळ हाय." एक बाई लसणाच्या चटणीचं पेटंट मागायला आल्या. का, तर जाऊबाईला ती करता येऊ नये. असल्यांना मी हसून परत पाठवायचो. शहाणपणाचा गर्व होता मला, खोटं कशाला सांगू.

गर्व यायला कारणही होतं. आई लोकांच्या रानात खुरपायला जायची आणि मी इंजिनिअर झालो. मग एजंटांची परीक्षा काढली आणि पुण्यातल्या एका मोठ्या वकिली कंपनीत बावीस वर्षं मान मोडून अर्ज लिहिले. आमच्या धंद्यात एक गंमत आहे. एजंटाला विज्ञानाची पदवी लागते, वकिलीची लागत नाही. वकिलाला वकिलीची लागते, यंत्राला कधी हात लावलेला असायची गरज नाही. पेटंट कचेरीतल्या साहेबापुढं एजंट भांडू शकतो. पण तिथं हरलात आणि अपील हायकोर्टात गेलं, की काळा कोट पुढं आणि एजंट मागच्या बाकावर. ज्याचे हात ग्रीसनं भरले त्यानं तिथं तोंड उघडायचं नाही. बावीस वर्षं मी त्या बाकावर बसून पुढच्या माणसाला चिठ्ठ्या पाठवल्या, आणि तो त्या स्वतःच्या असल्यागत वाचून दाखवायचा.

कंपनीच्या वेबसाइटवर सगळ्यांची ओळख असायची. वकिलांची पानपानभर, माझी तीन ओळींत. मेकॅनिकल इंजिनिअर, नोंदणीकृत पेटंट एजंट, आणि तिसऱ्या ओळीत, 'क्लिष्ट यंत्र सामान्य माणसाला कळेल अशा शब्दांत मांडण्यात हातखंडा'. ते पान मी किती वेळा उघडून बघितलं असेल! नोकरी सोडल्यावरही त्यांनी ते काढलं नाही, आणि काढा म्हणून मीही कधी सांगितलं नाही.

वडवणीला परत आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी भागवत मिस्त्री आला. बीड रोडला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. शिक्षण नववी. कामाला वाघ आणि बोलायला मुका. त्याची बहीण कांताबाई आणि तिच्या गटातल्या बाया सीताफळाचा गर काढून आइस्क्रीमवाल्यांना पाठवायच्या. ते काम सोपं नव्हे. बालाघाटाच्या डोंगरावरचं सीताफळ पिकलं की सगळं एकदमच पिकतं आणि दोन दिवसांत काळं पडतं. एकेक बी हातानं सोडवायचं. बोटांची सालं जातात. यंत्रं होती बाजारात, पण ती रगडतात आणि बी फुटतं. एक मूठभर बिया फुटल्या की अख्खी कढई कडू.

भागवतनं जाळीचा आडवा ढोल केला होता आणि त्याच्या आत रबराची बोटं बसवली होती. तोपर्यंत नवं काही नव्हतं. मी मनात म्हटलं, गेलं हेही. मग त्यानं बटण दाबलं. ढोल तीन फेरे सुलटा फिरला, थांबला, एक फेरा उलटा फिरला, परत सुलटा. खालच्या पातेल्यात पांढराशुभ्र गर आणि ढोलाच्या तोंडातून काळ्याभोर, चकचकीत, अख्ख्या बिया.

"हे उलटं कशासाठी?" मी विचारलं.

"बी जाळीत अडकतं, साहेब. लोक त्याला रेटत्यात, म्हणून ते फुटतं. रेटायचं न्हाई. जरा मागं सरायचं. आपोआप सुटतं ते."

आणि हे उलटंसुलटं त्यानं कसं साधलं होतं? ना कॉम्प्युटर, ना काही. भंगारातलं एक गिअर घेऊन त्याचे मोजके दात घासून टाकले होते. बिनदातांचा भाग आला की मुख्य गिअर मोकळं पडायचं आणि शेजारचं लहान गिअर ढोलाला मागं ओढायचं. मी खाली बसलो आणि अर्धा तास ते बघत राहिलो. बावीस वर्षांत मी असं स्वच्छ डोकं बघितलं नव्हतं. मोठमोठ्या कारखान्यांचे अर्ज लिहिले, त्यात असली एक युक्ती नव्हती.

"भागवत," मी म्हटलं, "याला पेटंट मिळणार. नाही मिळालं तर मी पाटी उतरवीन."

तो म्हणाला, "पैशाचं बघू, साहेब. पर यंत्रावर आपलं नाव पायजे. दुसऱ्यानं केलं तरी आपलं नाव सांगून केलं पायजे." त्याला हवं होतं ते एवढंच.

लिहायला मला महिनाभर लागला. आकृत्या बाकी होत्या. आता खरं ते सांगतो. कायद्यात तात्पुरता अर्ज नावाची सोय आहे. चार पानं खरडायची, टाकायची, तारीख पक्की होते. सविस्तर मागाहून द्या. एका दुपारचं काम. पण मला असले अर्धेकच्चे अर्ज आवडत नसत. इतरांनी टाकलेले बघून मी नाक मुरडायचो. भागवतचं यंत्र म्हणजे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं लिखाण होणार होतं, ते मी चार पानांत उरकणार होतो होय?

तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हातोडीपासून ड्रिलपर्यंत सगळ्याला हळदीकुंकू लागतं. नवं यंत्र तर पूजा झाल्याशिवाय कामाला लावतच नाहीत. त्यात सीताफळाचा हंगाम भरात येत होता.

"पूजा घालू का, साहेब?" भागवतनं विचारलं.

"घाल की," मी म्हणालो. शटर ओढून घाल, चार घरच्यांतच घाल, हे पुढचं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मला वाटलं, दुकानातली पूजा ती किती मोठी असणार?

जाऊन बघतो तर मांडव! लाउडस्पीकर, खुर्च्या, कांताबाईच्या गटातल्या बाया, बाजाराला आलेलं अर्धं गाव. आणि पहिल्या खुर्चीवर भागातले पुढारी. ज्यांच्या रानात माझी आई खुरपायला जायची, त्या घरातले. मला बघून ते उठले. उठले! स्वतःच्या शेजारी बसवलं आणि फेटा बांधायला लावला. नारळ पुढं आला तेव्हा मी हात जोडले. आम्ही बौद्ध, मी नारळ फोडत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तर पुढारी म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. नारळ मी फोडतो. साहेब चार शब्द बोलतील. आपल्या मातीतला एवढा शिकलेला माणूस हाय, ऐका जरा."

आणि माईक माझ्या हातात आला.

दोन शब्द कौतुकाचे बोलून बसता आलं असतं. सुरुवात तशीच केली होती. पण समोर माणसं कान देऊन बसली होती. या गावात माझं बोलणं असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. शाळेत असताना तर प्रश्नाचं उत्तर येत असूनही सर माझ्याकडं बघत नसत. मग मी सुटलो. ढोल कसा फिरतो ते हात फिरवून दाखवलं. तीन फेरे सुलटे आणि एक उलटा, तो कशामुळं, गिअरचे कुठले दात काढलेत, ते काढल्यावर लहान गिअर ढोलाला मागं कसं ओढतं, सगळं सांगितलं. बाया माना डोलवत होत्या. एक म्हातारे म्हणाले, "आत्ता कळलं बगा!" आणि त्या तीन शब्दांनी मला जे सुख झालं, ते बावीस वर्षांच्या पगारानं झालं नव्हतं.

पुढच्या रांगेत तालुक्याचा बातमीदार बसला होता. प्रामाणिक माणूस. त्यानं एकही शब्द चुकवला नाही. दोन दिवसांनी फोटोसह बातमी आली, माझं नाव, माझा फेटा, आणि खाली यंत्राचं साद्यंत वर्णन.

बातमी वाचल्यावर चूक लक्षात आली नाही असं नाही. पण मी स्वतःची समजूत घातली, की वडवणीच्या पेपरातली मराठी बातमी कोण बघतंय! तीन आठवड्यांनी माझा तो देखणा, सविस्तर अर्ज दाखल झाला.

बघणारे बघतात. अन्नप्रक्रियेची यंत्रं करणाऱ्या बाहेरच्या एका कंपनीनं अर्जाला हरकत घेतली आणि सोबत त्या बातमीचं कात्रण जोडलं. पेटंट कचेरीनं अर्ज नाकारला. चूक त्यांची नव्हती, मीही तेच केलं असतं.

भागवतला मी काय सांगितलं? "पेपरात आधी छापून आलं, म्हणून नाकारलं." यात खोटं एक अक्षर नाही. भागवत तडक त्या बातमीदाराच्या घरी गेला आणि भर अंगणात त्याला नाही नाही ते बोलला. "तुझ्या बातमीनं माझं वाटोळं केलं बे!" दोघं लहानपणापासूनचे मित्र, पण बोलणं बंद झालं ते झालंच. मला हे कळलं आणि मी गप्प बसलो. गप्प बसलो, एवढंच लिहितो. त्याला चांगला शब्द नाही.

अपील करायचं ठरलं. मुंबईची एक वकिली कंपनी घेतली. त्यांनी आमचं काम बघणाऱ्या तिघांची ओळख छापून पाठवली. भागवत म्हणाला, मराठीत वाचून दाखवा. दुकानातल्या लोखंडी बाकावर बसून मी वाचू लागलो.

"हे मोठे वकील. वडील वकील, आजोबा वकील, शिक्षण परदेशात."

"यंत्राचं काही शिकलेत का?"

"नाही. इतिहास शिकलेत. लांब पल्ल्याची सायकल चालवतात."

"चालवू द्या. दुसरे?"

"हे डॉक्टर आहेत, म्हणजे पीएचडी. जिवाणूंवर."

भागवतनं विचार केला. "गराला बुरशी लागली तर कामाला येतील."

तिसऱ्या मॅडम होत्या. भौतिकशास्त्राची पदवी, मग वकिली. भागवत म्हणाला, "त्यांला इचारा, सीताफळ खाल्लंय का कधी." मी फोन लावला आणि लाजत लाजत विचारलं. मॅडम हसल्या. "खाते की. पण एकदा मिक्सरमधून काढलं होतं बियांसकट, सगळं कडू झालं." मी हे सांगताच भागवत म्हणाला, "या पायजेत आपल्याला."

मग त्यानं कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. "तुमचं नाव कुठंय यात?"

"मला तिथं बोलता येत नाही, भागवत. एजंटाला कोर्टात उभं राहता येत नाही."

"कावून? यंत्र तर तुमालाच कळतं."

मला तेव्हा बरं वाटलं होतं, लाज वाटायला हवी होती.

कात्रणातलं नाव बघून मॅडमनी फोन केला. "सर, भाषण करणारे हे तुम्हीच ना?" मी हो म्हणालो. "तुम्ही तेव्हा एजंट होतात?" मी परत हो म्हणालो. त्यांनी फक्त भाषणाची तारीख विचारून घेतली. त्यांच्या जागी मी असतो तर फोन आपटला असता.

त्यांना मांडायला एकच मुद्दा उरला होता, आणि तो त्यांनी जीव तोडून मांडला. बातमी म्हणजे पाहुण्याच्या भाषणाचा सारांश आहे. वरवरचं कौतुक. ती वाचून कुणाला यंत्र बनवता येणार नाही, म्हणजे युक्ती उघडी पडलेली नाही. मागच्या बाकावर मी आणि भागवत बसलो होतो. भागवतनं पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. इंग्रजी त्याला कळत नव्हतं, पण मॅडमचा सूर त्याला आवडला होता.

मग समोरचे वकील उठले. त्यांनी दोन कागद शेजारीशेजारी ठेवले. एक बातमीचं भाषांतर, दुसरा आमच्या अर्जातला पहिला दावा, म्हणजे मी घातलेलं ते शब्दांचं कुंपण. एकेक ओळ वाचत गेले. तेच शब्द, तोच क्रम. असणारच, दोन्ही एकाच माणसाचे होते. आणि मग तिसरा कागद काढला, माझ्या जुन्या कंपनीच्या वेबसाइटवरचा. पाहुणा वरवर बोलणारा नव्हता, हे सांगायला त्यांनी माझं शिक्षण वाचलं, माझी नोंदणी वाचली, बावीस वर्षं वाचली. शेवटी ती हातखंड्याची ओळ वाचली. दर वाक्याला मिस्टर ओव्हाळ, मिस्टर ओव्हाळ.

आयुष्यभर मला वाटायचं, एकदा तरी कोर्टात माझी ओळख मोठ्यानं वाचली जावी. वाचली गेली.

न्यायमूर्तींनी विचारलं, हे गृहस्थ आज हजर आहेत का? मॅडमनी मागं वळून बघितलं. मी उभा राहिलो. ते क्षणभर माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, बसा. हायकोर्टात मी उभा राहिलो तो तेवढाच.

इंग्रजी येत नसलं तरी नाव कळतं माणसाला. खाली पायऱ्यांवर आल्यावर भागवतनं विचारलं, "ते सारखं तुमचं नाव कावून घेत होते, साहेब?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. बातमी दुय्यम, मुळात भाषणच नडलं, हेही सांगितलं.

तो खालच्या पायरीवर उभा होता. "आधी कुणापुढं बोलायचं न्हाई, हे तुमाला त्या दिवशी म्हाईत होतं का?"

"होतं."

"मंग?"

काय सांगणार होतो? आईचं खुरपं सांगू, की तो फेटा? मी म्हटलं, "लोक ऐकत होते, भागवत. मला राहवलं नाही." आणि मला रडू आलं, तिथंच पायऱ्यांवर. त्यानं माझा हातही धरला नाही आणि शिवीही दिली नाही. "मी त्या पेपरवाल्याला लई वंगाळ बोललो," एवढंच म्हणाला. परतीच्या गाडीत तो पुढच्या सीटवर जाऊन बसला.

अपील फेटाळलं गेलं. पाटी उतरवीन म्हणालो होतो, ती अजून जागेवरच आहे. मॅडमनी निकाल समजावून सांगायला मला नाही, थेट भागवतला फोन केला. त्या कंपनीचं यंत्र आता बीडला मिळतं. बीडजवळच्या पालीतल्या एका बचत गटानं घेतलंय, मी मुद्दाम जाऊन बघून आलो. रंग निळा, पत्रा भारी, कडेला कंपनीचं नाव ठसठशीत. झाकण उघडून आत बघितलं, तर त्याच जागचे दात घासलेलं गिअर. गर मात्र गोड निघतो.

भागवतनं त्या बातमीदाराच्या घरी जाऊन माफी मागितली, असं कांताबाईंनी सांगितलं. मी अजून गेलेलो नाही. जाईन म्हणतो.

यंदा सीताफळं सुरू झाली तेव्हा एकदा भागवतच्या दुकानावर गेलो. आतून ग्राइंडरचा आवाज येत होता. मी हाक मारली, आवाज थांबला. तो शटरखालून वाकून बाहेर आला आणि शटर खालपर्यंत ओढून घेतलं. बाहेर खुर्ची टाकली, समोरच्या हॉटेलातून चहा सांगितला. तब्येतीची विचारपूस केली. कशात कमी केलं नाही त्यानं.

"नवीन करतोयस काही?"

"हाय एक."

"काय आहे?"

तो रस्त्याकडं बघत राहिला. "मॅडमकडं कागद गेलेत. अर्जाचा नंबर पडला की मग सांगू सगळ्यायला."

"अरे, पण मला दाखवायला काय हरकत आहे? मी कुणाला सांगणार आहे?"

"तुमी लई चांगलं सांगता, साहेब," भागवत म्हणाला. "म्हणूनच न्हाई दाखवत."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी चहा संपवला आणि निघालो. रस्ता ओलांडून, स्टँडच्या कोपऱ्यावरून वळून बघितलं. तो तसाच शटरला पाठ लावून उभा होता, मी दिसेनासा व्हायची वाट बघत.